लाईट गेल्यावरचा हिशेब

सोलरचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "किती वर्षांत पैसे वसूल?" पॅनलपुरता तो बरोबरच आहे. बॅटरीच्या बाबतीत मात्र त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारायला हवा.

बार्शी तालुक्यातल्या आमच्या घरावर ३ किलोवॉटची पॅनल आहेत. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळालं. चांगलं ऊन असेल तर दिवसाला १२ युनिट होतात. लाईटबिल नावापुरतं उरलं, बाबा खूश. मग मे महिन्यात भर दुपारी लाईट गेली आणि घरातलं सगळं बंद. बाबांचा फोन आला, "अरे, डोक्यावर एवढं ऊन आहे, पॅनल आहेत, मग पंखा का फिरत नाही?"

कारण साधं आहे. बाहेरची लाईट गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टरला स्वतःला बंद करावंच लागतं. नाहीतर आपल्या छतावरची वीज तारेत उतरेल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

"मग बॅटरी बसवू," बाबा म्हणाले. हायब्रिड इन्व्हर्टर आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी मिळून कोटेशन आलं दीड लाखाचं. योजनेचं अनुदान पॅनलच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीसाठी वेगळं काही नाही.

मी एक्सेल उघडलं. नेट मीटरिंगमध्ये दुपारी ग्रिडला दिलेलं युनिट रात्रीच्या वापरातून वजा होतं. म्हणजे बिलापुरती ग्रिड हीच आपली बॅटरी. तेच युनिट घरच्या बॅटरीत भरून परत काढलं तर १० टक्क्यांच्या आसपास वाया जातं. बचत शून्य. नेट मीटरिंग नाहीच असं धरून पाहिलं: रोज साडेचार युनिट, ८ रुपये दराने, वर्षाला जेमतेम १३,००० रुपये. दीड लाख फिटायला साडेअकरा वर्षं, आणि कोटेशनमधली वॉरंटी १० वर्षांची. एक्सेलचं उत्तर स्पष्ट होतं: नको.

पण आमच्या घरात आजी आहे, आणि तिचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. मशीन ३५० वॅट खातं. वळवाचा पाऊस आला की आमच्याकडे लाईट कधी तीन तास जाते, कधी रात्रभर. जुना इन्व्हर्टर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर चालतो. कागदावर १.८ युनिट, पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे मशीन दोन-अडीच तास चालणार. नंतर सिलिंडर. तो स्वस्त आहे, आणि असायलाच हवा. पण अंधारात, टॉर्च तोंडात धरून व्हॉल्व्ह फिरवणारे बाबा ६२ वर्षांचे आहेत, आणि तेवढा वेळ आजी दारातल्या उजेडाकडे बघत श्वास मोजत असते. लिथियमची ५ युनिटं मशीन आणि एक पंखा रात्रभर ओढतात.

माझ्या ऑफिसात सर्व्हरला दोन-दोन पॉवर सप्लाय असतात. त्यांचे पैसे किती वर्षांत वसूल होणार, असं कोणी विचारत नाही. बंद पडलं तर काय होईल, एवढंच विचारतात.

आम्ही बॅटरी घेतली. विक्रेता १० युनिटची गळ घालत होता, ५ची घेतली. ती रोज वापरून रिकामी करत नाही. सेटिंगमध्ये ८० टक्के राखीव ठेवलंय. बिलात एक रुपयाही कमी झालेला नाही. सिलिंडर अजून दारामागे उभा आहे.

पुण्यात मी राहतो तिथे लाईट क्वचित जाते, गेली तर वायफाय बंद पडतं. तिथे सोलर असतं तरी मी बॅटरी घेतली नसती. तुमच्या घरचं ठरवायचं असेल तर महिनाभर एका कागदावर लिहून ठेवा: लाईट किती वेळा गेली, किती तास, आणि गेल्यावर घरात नेमकं काय थांबलं. कोटेशन त्यानंतर मागवा.