उरलेल्या बोटांचं गाणं

कुमार गंधर्व संपले की ब्लॅक सबाथ. मग जिप्सी जॅझ, आणि त्यानंतर एकट्या पियानोची तासाभराची मैफल. माझ्या मोबाइलवरची ही यादी बघून मैत्रिणी म्हणतात, ‘तुला काही टेस्टच नाही गं!’ क्लासिकलवाले मेटलला नाक मुरडतात, मेटलवाल्यांना आलाप ऐकून झोप येते. पण या चौघांना एका यादीत बसवण्यामागे माझा एक फंडा आहे.

जँगो राइनहार्ट हा फ्रान्समध्ये नाव काढलेला गिटारिस्ट. १९२८ मध्ये तो राहत होता त्या कॅराव्हॅनला आग लागली. तेव्हा तो जेमतेम १८ वर्षांचा होता. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कामातून गेली. गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच! पठ्ठ्याने उरलेल्या दोन बोटांनी सोलो वाजवायची नवीच पद्धत बसवली. त्याचं १९३७ चं ‘मायनर स्विंग’ ऐका. दोनच बोटं पळतायत यावर विश्वास बसत नाही.

टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. मशिनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे पुन्हा तारा दाबायचाच हात. तेव्हा कारखान्यातल्या साहेबाने त्याला चक्क जँगोची रेकॉर्ड ऐकवली. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, बारीक तारा लावल्या आणि पुढे त्या सैलही केल्या. ब्लॅक सबाथच्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त त्या सैल तारांचा जो खोल, जड आवाज आहे, तो नंतर हेवी मेटलची ओळखच झाला.

कुमारजींचं तर आपल्याला माहीतच आहे. क्षयामुळे १९४८ मध्ये ते देवासला राहायला गेले. गाणं बंद, मुक्काम अंथरुणावर. कानावर पडत होती ती माळव्याची लोकगीतं. बरे झाले तेव्हा एक फुप्फुस निकामी झालं होतं. त्यांच्या गाण्यातले ते छोटे, धारदार सूर आणि मधल्या शांत जागा ऐकताना मला नेहमी तो अपुरा श्वास आठवतो. पण गाणं मात्र कुठेच अपुरं वाटत नाही.

आता कीथ जॅरेट. २४ जानेवारी १९७५, जर्मनीतलं कलोन. स्टेजवर भलताच, लहान पियानो. वरचे सूर किरकिरे, पेडलही धड नाहीत. तो मधल्या सुरांवरच रमला, डाव्या हाताने ठेका धरून ठेवला आणि समोर कागद नसताना तासभर वाजवत राहिला. ‘द कलोन कॉन्सर्ट’ हा एकल पियानोच्या सर्वाधिक खपलेल्या अल्बम्सपैकी एक.

याच जॅरेटला २०१८ मध्ये मेंदूचे दोन झटके आले. डावी बाजू लुळी पडली. आता फक्त उजव्या हातानेच वाजवता येतं, हे त्याने २०२० मध्ये जाहीरपणे सांगून टाकलं. ती बातमी मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून वाचली, कारण आत माझे बाबा होते. झटका त्यांनाही आला होता, उजवा हात गेला होता. आणि बाबा आमच्या डोंबिवलीच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. माझी यादी तयार झाली ती तेव्हापासून.

घरी आल्यावर मी उत्साहाने बाबांना जँगो ऐकवला. ते म्हणाले, ‘ती मोठी माणसं गं.’ बरोबरच होतं. मनात आणलं की सगळं जमतं, असली भाषणं आजारी माणसाला फुकट मिळतात. मी तो विषय सोडला. गाणी मात्र घरात वाजत राहिली.

काही महिन्यांनी बाबांनी आपणहून पेटीवरची चादर काढायला सांगितली. आता आई समोर बसून भाता मारते आणि बाबा डाव्या हाताने वाजवतात. अभंगाची चाल निम्म्या लयीत येते. मधेच बोट भलत्या पट्टीवर पडतं, आईचा भाता थांबतो, दोघं एकमेकांवर वैतागतात आणि परत सुरू करतात.

त्याचं रेकॉर्डिंग मी मोबाइलवर करून ठेवलंय. ऑफिसातून परतताना लोकलमध्ये शफल लावा आणि कलोननंतर अचानक डोंबिवली वाजू द्या. त्यात मागे कुकरची शिट्टीही आहे. मी ती काढून टाकलेली नाही.