रक्त येत नाही म्हणून

हिरडीतून रक्त येतं ते दुसऱ्यांच्या, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. दुसऱ्यांच्या म्हणजे मुख्यतः बायकोच्या. तिने ब्रश केला की बेसिनमध्ये गुलाबी फेस दिसायचा आणि मी साताऱ्याच्या तोऱ्यात म्हणायचो, "सांगलीचं पाणी!" कृष्णा साताऱ्याजवळच्या माहुलीवरूनच पुढे सांगलीला जाते, हे तिने ऐकवलं तरी माझं चालूच. माझ्या हिरडीतून कधी थेंब नाही, दुखणं नाही. आमच्याकडे आज्या मिश्री लावायच्या आणि दात हलायला लागले की 'वय झालं' म्हणायच्या. दुखत नसताना तोंडात रोग शोधणारा डॉक्टर मला धंदेवाईकच वाटे.

सासुरवाडीला गेलो असताना ती मला दंत महाविद्यालयात सोबत घेऊन गेली, आणि आलाच आहात तर तुम्हीही दाखवा म्हणाली. केसपेपरवर व्यसनाच्या रकान्यात मी 'कधीतरी' असं सांगितलं. ती शेजारीच उभी होती.

आधी तिला तपासलं. शिकाऊ डॉक्टर मुलीच्या हातात मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक, बोथट सळई होती. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती अलगद उतरवायची आणि कुठवर जाते ते वाचायचं. एकेका दाताभोवती सहा जागी; २८ दात धरले तर १६८ आकडे! "दोन, तीन, रक्त. दोन, दोन, रक्त." दुसरी मुलगी लिहून घेत होती. मला ती सगळी बिल फुगवायची तयारी वाटली.

मग मी खुर्चीत बसलो. पुढचे दात दोन-तीनवर निभावले. दाढांवर आल्यावर आकडे बदलले. "पाच. सहा. सहा. सात." मुलगी थांबली. सळई बाहेर काढून टोक बघितलं, पुन्हा घातली, पुन्हा बघितलं. सात मिलिमीटर आत जाऊनही रक्त जवळजवळ नाहीच. तिने मॅडमना बोलावलं. मॅडमनी स्वतः मोजलं, बोटाने दाढ हलवून पाहिली आणि सहज विचारलं, "सिगारेट दिवसाला किती?"

तोंड उघडंच होतं, पण 'कधीतरी' काही बाहेर पडेना.

धूम्रपानाने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत पायोरिया चालू असला तरी रक्त कमी येतं, असं त्यांनी समजावलं. फट तीन मिलिमीटरपर्यंत असली तर ठीक. एक्सरेत बायकोच्या दातांचं हाड जागच्या जागी होतं. तिची नुसती सूज, नीट सफाईने उतरणारी. माझ्या दाढांचं हाड खाली गेलेलं, आणि गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही. रक्तातली साखरही तपासायला सांगितली, कारण मधुमेह असला की हा रोग जास्त जोर धरतो.

ज्या कोरड्या हिरड्यांची मी फुशारकी मारायचो, ती सिगारेटची करणी होती. सातच्या आकड्याची मला तेवढी लाज वाटली नाही. लाज वाटली ती त्या रकान्यातल्या उत्तराची, आणि पाव्हण्यांसमोर बायकोच्या हिरड्यांवरून केलेल्या विनोदांची. मला धंदेवाईक म्हणायला डॉक्टर हवा होता, कारण तो खरा निघाला असता तर पाकीट खिशातून काढावं लागलं असतं. एवढा साधा हिशेब होता.

हिरडीखालची सफाई झाली, सिगारेट सोडली. काही आठवड्यांनी ब्रश करताना माझ्या फेसात लाल रेघ दिसली. घाबरून फोन केला. सिगारेट सुटल्यावर असं होतं, हिरडीतला रक्तपुरवठा पूर्ववत होतोय, असं मॅडम म्हणाल्या. पण फटी पुन्हा मोजायला या, नुसत्या फोनवर कळत नाही.

बायकोने बेसिनमध्ये डोकावून विचारलं, "अहो, आता कुठलं पाणी?"