सांगकाम्या नव्हे

आमच्या टूलचं पहिलं वर्णन मी एका ओळीत उरकलं होतं: ‘निकषांत बसणारे लेख परत देते.’ लिहिलं आणि स्वतःवरच खूश होऊन चहाला गेले. इतकी वर्षं प्रोग्रामर मंडळींसाठी डॉक्युमेंटेशन लिहिलं, आणि आटोपशीर लिहिणं ही आमच्या धंद्यातली मिजास.

या वेळचा वाचक मात्र प्रोग्रामर नव्हता. एका मराठी मासिकाच्या वर्डप्रेसमधला मजकूर हुडकून देणारा तो एआय एजंट होता. अशांना टूल जोडून द्यायची रीत आता बरीचशी ठरून गेली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला, त्यात टूलला नाव असतं, वर्णन असतं आणि कोणती माहिती कशी पुरवायची याचा साचा असतो. आमचा एजंट टूल ओळखायचा ते एवढ्यावरूनच. कोड त्याला दिसत नव्हता, आणि शेजारच्या टेबलावर जाऊन ‘अगं, हे कसं वापरायचं?’ असं विचारायची सोय नव्हती.

संपादकांनी विचारलं, ‘गेल्या वर्षी आपले किती लेख आले?’ एजंट म्हणाला, दहा.

वर्डप्रेसच्या रेस्ट एपीआयला काही सांगितलं नाही, तर ते एका पानात दहाच नोंदी देतं. डिसेंबर २०१६ मध्ये, ४.७ आवृत्तीबरोबर, ते वर्डप्रेसच्या गाभ्यात आलं. या कामातल्या माणसाला हे दहाचं प्रकरण पाठ असतं; नसलं तरी वर्षाला दहा लेख म्हटल्यावर तो डोकं खाजवतो. एजंटनं खाजवलं नाही. मी वर्णनात भर घातली: ‘जास्त हवे असल्यास पर_पेज वाढवा.’ त्यानं सरळ ५०० मागितले. सर्व्हरनं अडवलं की आकडा १ ते १०० मध्येच हवा. मग त्यानं निमूटपणे १०० मागितले आणि संपादकांना कळवलं, शंभर.

मला त्या सर्व्हरच्या तक्रारीचा हेवा वाटला. काय चुकलं आणि काय चालेल, दोन्ही तिनं एका वाक्यात सांगितलं होतं. माझ्या वर्णनात यातलं एकही नव्हतं. खरा एकूण आकडा वर्डप्रेस प्रत्येक उत्तराबरोबर ‘एक्स-डब्ल्यूपी-टोटल’ या हेडरमध्ये पाठवतच होतं, पण आमचं टूल हेडर फेकून नुसता मजकूर पुढे करत होतं. तेव्हा शब्द घासूनपुसून उपयोग नव्हता. डेव्हलपरला गाठून तो आकडा उत्तरातच घालून घेतला. डॉक्युमेंटेशनची निम्मी दुखणी अशी डॉक्युमेंटेशनबाहेरची असतात, असं माझं जुनं मत आहे.

सुरुवातीला मी एजंटला सांगकाम्या समजले होते. सांगाल तेवढंच करील, न सांगितलेलं करणार नाही. पण सांगकाम्या परवडला! हा गडी न सांगितलेल्या जागा स्वतःच भरतो, आणि तेही ठाम आवाजात. प्रवासवर्णनाच्या सदरातले लेख मागितले, तर एपीआयला हवा होता सदराचा क्रमांक. यानं मनानंच एक क्रमांक ठोकून दिला. त्या क्रमांकाचं सदरच नसल्यामुळे रिकामी यादी आली, आणि उत्तर गेलं: ‘असे लेख नाहीत.’ तेव्हापासून मी टूल काय करतं याच्याइतकंच ते काय करत नाही हेही लिहिते. सदराचा क्रमांक आधी दुसऱ्या टूलकडून घ्या. रिकाम्या यादीचा अर्थ ‘लेख नाहीत’ असा लावू नका, आधी क्रमांक तपासा.

सगळ्यात जास्त घाम मात्र आपल्या भाषेनं काढला. वर्डप्रेसचा शोध अक्षरांशी अक्षरं जुळवतो, व्याकरण त्याच्या गावी नाही. ‘पुणे’ शोधलं की ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’, ‘पुण्याची’ सगळं गळतं, आणि मराठी वाक्यात गावाचं नाव मूळ रूपात येतं तरी किती वेळा? म्हणून लिहिलं की सामान्यरूपही शोधा. एजंटनं ‘पुणे पुण्या’ असं एकदमच टाकलं. असे दोन शब्द दिले की दोन्ही असलेलेच लेख येतात, त्यामुळे यादी वाढायच्या ऐवजी आखडली. मग पुन्हा एक ओळ: ‘प्रत्येक रूप वेगळं शोधा, नंतर याद्या एकत्र करून दुबार नोंदी काढा.’ शाळेत सामान्यरूपाच्या तक्त्याला मी ज्या शिव्या घातल्या, त्या अशा फेडल्या.

एका ओळीचं वर्णन आता चौदा ओळींचं झालंय. परवा पुन्हा पुण्यावरचे लेख मागवून बघितले. ‘पुण्या’च्या यादीत आजीच्या पुण्याईवरचा एक लेख घुसला होता, अक्षरं जुळल्यामुळे. संपादकांकडे गेलेल्या यादीत तो नव्हता. खाली टीप होती की हा लेख शहराविषयी नसल्यामुळे वगळला आहे.

चौदाही ओळी पुन्हा वाचल्या. पुण्याईबद्दल मी कुठेच काही लिहिलं नव्हतं.