निर्मनुष्य मौजे, अनामिक टोले

गावाची लोकसंख्या किती, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी गाव म्हणजे नेमके कोणते, हे ठरवावे लागते. आणि ते ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे गावकऱ्यांपेक्षा जमाबंदी करणाऱ्या अंमलदाराकडेच शतकानुशतके राहिला, ही गोष्ट लोकसंख्येच्या अभ्यासकाला आरंभीच ध्यानी घ्यावी लागते. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची गाविलगड, नरनाळा, पवनार, माहूर, कळंब इत्यादी सरकारे, त्यांखालील परगणे, त्यांचा वसूल, तेथील जमीनदार, त्यांचे स्वार आणि प्यादे, हे सारे तपशीलवार आढळते. परंतु त्या परगण्यांत माणसे किती नांदत होती, याचा आकडा मात्र आढळत नाही.

नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि त्यानंतरच्या बंदोबस्तात मालगुजारांना मालकी देताना मौज्या-मौज्याची शीव आखली गेली. पुढे १९५१ साली मालगुजारी गेली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, नागपूर जिल्ह्याच्या तहसिली वाढून चौदा झाल्या. ती शीव मात्र बहुतेक ठिकाणी जागची हलली नाही. मी राहतो त्या नागपुरातील प्रतापनगराच्या आसपासची खामला, भामटी, जयताळा ही एकेकाळची शेतीची गावे शहराने केव्हाच पोटात घेतली, तरी येथील खरेदीखतात मौजा आणि पटवारी हलका क्रमांक आजही निमूटपणे लिहिला जातो.

या शिवेचा खरा चमत्कार रिठी गावांत दिसतो. दुष्काळ, महामारी, पाण्याचा तुटवडा किंवा धरणाचे बुडीत क्षेत्र, अशा कोणत्याही कारणाने शेवटचे घर उठून गेले, तरी मौजा मरत नाही. त्याचा खसरा राहतो, शेजारच्या गावचे पाहीकास्तकार तेथील जमीन वाहतात, आणि निस्तारपत्रकात व वाजिब-उल-अर्जात चराईचे, जळणाचे, वहिवाटीच्या वाटेचे हक्क नोंदलेले असले, तर तेही टिकतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील सुमारे ४३,६०० गावांपैकी अडीच हजारांहून अधिक गावे अशी बेचिराग होती. त्यांच्यापुढील शून्य पाहून नवखा संशोधक ती ओळ गाळून टाकतो. माझ्या मते तीच ओळ प्रथम वाचावी.

खेड्याची ओळख सरकारी यादीतल्या ओळीपुरती उरणे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. इराणमध्ये ती बहुधा अशा उतरंडीने होते: देहिस्तान, त्यावर बख्श, त्यावर शहरिस्तान, त्यावर उस्तान, आणि अखेरीस लोकसंख्या व कुटुंबसंख्या असे दोन आकडे. खेड्यासंबंधी जगाला पुष्कळदा एवढेच कळते, आणि एवढ्यावरच त्याच्या शाळेचा, दवाखान्याचा, रस्त्याचा निकाल लागतो.

आपल्याकडे तर एकाच गावाला दोन शिड्या आहेत. मौजा, साझा, मंडळ, तालुका, जिल्हा ही महसुलाची; ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद ही स्वराज्याची; आणि गटग्रामपंचायत असली की दोन्हींच्या पायऱ्या जुळत नाहीत. त्यात जनगणना आपले तिसरेच शास्त्र आणते: पाच हजारांवर वस्ती, चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसे आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पाऊणशे टक्के शेतीबाहेर, एवढे भरले की ग्रामपंचायतीचे गावही नागरी गणले जाते. नागपूरच्या वेशीवरील वाडी आणि दिगडोह २०११ च्या जनगणनेत अशीच शहरे गणली गेली; म्हणजे त्या वेळी पाणीपट्टी ग्रामपंचायतीची होती आणि आकडेवारी शहराची.

रिठी मौज्यांच्या उलट दैव टोल्यांचे आणि पोडांचे. मूळ गावापासून दोन-तीन कोसांवर, नाल्यापलीकडे, गोंडांचा टोला किंवा कोलामांचा पोड पिढ्यानपिढ्या नांदत असतो, पण त्याचा स्वतंत्र मौजा नसल्यामुळे त्याची माणसे मूळ गावाच्या बेरजेत मिसळून जातात, आणि गावात शाळा आहे एवढ्या नोंदीने टोल्यातील मुलांचीही सोय झाल्याचे गृहीत धरले जाते. ओस मौज्याला जनगणनेच्या पुस्तकात स्वतःची ओळ मिळते, नांदत्या टोल्याला मिळत नाही, हा न्याय मला कधीच पटला नाही.

२०२७ ची जनगणना आता समोर आहे. प्रगणकाचा गट आखताना प्रत्येक टोला नावानिशी वेगळा दाखवावा आणि त्याची लोकसंख्या ग्रामनिर्देशिकेत मौज्याखाली स्वतंत्र ओळीत छापावी, एवढी मागणी विदर्भातील ग्रामसभांनी आजच ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी.