सम्राज्ञीची अंगठी आणि लोहाराच्या मुलीचा हक्क

थोर स्त्रियांच्या याद्या करणे हा आपल्याकडे सोपा उद्योग झाला आहे. देश कोणताही घ्या. एक राणी, एक गायिका, एक शास्त्रज्ञ, एक अंतराळवीर अशी चार-पाच छायाचित्रे चिकटवली की "संधी मिळाली तर स्त्री काय करू शकत नाही!" हे वाक्य खाली लिहायला आपण मोकळे. वाक्य खोटे नाही. पण "संधी मिळाली तर" या तीन शब्दांवरून आपण इतक्या घाईने पुढे जातो, की संधी कोणी दिली, कोणत्या अटीवर दिली आणि किती जणींना नाकारली, हे विचारायचे राहूनच जाते.

हा मुद्दा आम्ही रशियाच्या उदाहरणावरून मांडणार आहोत. रशिया आपल्याला परका नाही. अण्णाभाऊ साठे 1961 साली तिकडे जाऊन आले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. आमच्या अनेकांच्या घरी मराठीत आलेली स्वस्त रशियन पुस्तके होती. आम्ही वस्तीत मुलींची अभ्यासिका चालवतो. एका 8 मार्चला तिथल्या मुलींनी रशियातील कर्तबगार स्त्रियांचा तक्ता तयार केला. तक्ता छान झाला होता. तेवढ्यात नववीतल्या एका मुलीने विचारले, "ताई, यातली गरिबाघरची कोण?" तिची आई चार घरची धुणीभांडी करते. प्रश्न साधा होता, पण समाजशास्त्रात एम.ए. करताना वाचलेली सगळी पुस्तके त्याने आम्हाला पुन्हा उघडायला लावली.

तक्त्यावर सर्वांत वर होती सम्राज्ञी दुसरी कॅथरीन. तिने 1762 ते 1796 अशी चौतीस वर्षे राज्य केले. व्होल्तेअरसारख्या विचारवंतांशी तिचा पत्रव्यवहार होता. 1764 मध्ये तिने पीटर्सबर्गला स्मोल्नी संस्था काढली. सरकारी खर्चाने मुलींना शिकवणारी रशियातली ती पहिली मोठी शाळा. 1783 मध्ये तिने येकातेरिना दाश्कोवा या स्त्रीला विज्ञान अकादमीच्या संचालकपदी बसवले. युरोपात तेव्हा ही गोष्ट कोणाच्या स्वप्नातही नव्हती. एवढे वाचून कोणीही म्हणेल, स्त्री सत्तेवर आली की स्त्रियांचे भले होते.

पण थांबा. याच कॅथरीनच्या कारकिर्दीत 1767 मध्ये एक हुकूम निघाला. जमीनदाराविरुद्ध तक्रार करण्याचा भूदासांचा मार्ग त्याने बंद झाला; तक्रार करणाऱ्यालाच शिक्षा. भूदास म्हणजे जमिनीला आणि मालकाला जन्माने बांधलेला माणूस. मालक त्याला विकू शकत होता, फटके मारू शकत होता, त्याचे लग्न ठरवू शकत होता. आईबाप भूदास म्हणून मूल भूदास. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था काय असते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

दुसऱ्याच वर्षी, 1768 मध्ये, यारोस्लाव्ल परिसरातल्या एका भूदास लोहाराच्या घरी मुलगी जन्मली. तिचे नाव प्रास्कोव्या. तिचे कुटुंब शेरेमेतेव या सरदार घराण्याच्या मालकीचे. या घराण्याकडे लाखाहून जास्त भूदास होते आणि भूदासांचीच एक नाटकमंडळी होती. प्रास्कोव्याचा आवाज लक्षात आला तशी तिला लहानपणीच मॉस्कोजवळच्या कुस्कोवोच्या वाड्यावर नेले गेले. तिला गाणे, अभिनय, फ्रेंच आणि इटालियन शिकवले गेले. नावही बदलले. मालकाने आपल्या नट्यांना रत्नांची नावे दिली होती. हिच्या वाट्याला आले झेम्चुगोवा, म्हणजे मोत्याची. वयाच्या अकराव्या वर्षी ती रंगभूमीवर उभी राहिली आणि काही वर्षांतच रशियातल्या श्रेष्ठ गायिकांत गणली जाऊ लागली.

1787 मध्ये सम्राज्ञी कॅथरीन कुस्कोवोला आली. ग्रेत्रीच्या संगीतिकेत प्रास्कोव्याने नायिकेचे काम केले. सम्राज्ञी खूश झाली आणि तिने या गायिकेला हिऱ्याची अंगठी दिली.

मित्रांनो, या प्रसंगापाशी जरा थांबले पाहिजे. एकाच दालनात दोन स्त्रिया आहेत आणि दोघींची नावे आज इतिहासात आहेत. एकीच्या हातात साम्राज्य आहे. दुसरी जिवंत माणूस असूनही कोणाची तरी मालमत्ता आहे. पहिली दुसरीला अंगठी देते, स्वातंत्र्य देत नाही. त्या रात्री प्रास्कोव्या बोटात हिरा घालून झोपली असेल, पण झोपली भूदास म्हणूनच. अंगठी ही मेहेरबानी आहे. मेहेरबानी देणाऱ्याला मोठे करते. घेणाऱ्याची जागा होती तिथेच राहते.

पुढची कथा सांगितली जाते ती प्रेमकथा म्हणून. मालक निकोलाय शेरेमेतेव तिच्यावर प्रेम करत होता. त्याने 1798 मध्ये तिला मुक्त केले आणि 1801 मध्ये मॉस्कोत गुपचूप लग्न केले. गुपचूप का? कारण एवढ्या मोठ्या सरदाराने भूदास स्त्रीशी लग्न करणे उच्चभ्रू समाजाला खपणारे नव्हते. म्हणून तिच्यासाठी एक खोटी वंशावळ तयार झाली: तिचे पूर्वज म्हणे कोवालेव्स्की नावाचे पोलिश सरदार होते. तिचा आवाज साऱ्या दरबाराने ऐकला होता, पण तो पुरेसा ठरला नाही. पत्नी म्हणून मान्य व्हायला तिला लोहाराची मुलगी नसणे भाग पडले. 1803 मध्ये, मुलाच्या जन्मानंतर तीन आठवड्यांनी, क्षयाने खंगलेली प्रास्कोव्या वारली. वय अवघे चौतीस. तिच्या इच्छेप्रमाणे शेरेमेतेवने मॉस्कोत गरिबांसाठी आश्रयगृह आणि रुग्णालय बांधले. ती वास्तू आजही स्क्लिफोसोव्स्की संस्थेत उभी आहे. पण शेरेमेतेवांचे बाकीचे भूदास? ते भूदासच राहिले. त्यांची सुटका 1861 च्या कायद्याने झाली, आणि तीही अशी की मिळालेल्या जमिनीचे हप्ते त्यांना पुढे कित्येक दशके फेडावे लागले.

"प्रतिभा असेल तर वाट सापडतेच" असे म्हणणाऱ्यांना आमचा एक प्रश्न आहे. त्या दोन कोटींहून अधिक भूदासांत असा गळा असलेली एकच मुलगी होती काय? की मालकाच्या कानावर आवाज पडला अशी ती एक होती?

आता तक्त्यावरचे दुसरे नाव घेऊ. सोफिया कोवालेव्स्काया, जन्म 1850. वडील तोफखान्यातले जनरल, पालिबिनो येथे जहागीर. मुलांच्या खोलीला भिंतीचा कागद कमी पडला म्हणून ओस्त्रोग्राद्स्की या गणितज्ञाच्या व्याख्यानांची छापील पाने चिकटवली होती. ती न्याहाळता न्याहाळता ही मुलगी वाढली. पैसा होता, शिक्षक होते, बुद्धी तर होतीच. तरीही रशियातली विद्यापीठे स्त्रियांना बंद होती, आणि परदेशी जायचे तर वडिलांची किंवा नवऱ्याची संमती लागे. सोफियाने 1868 मध्ये व्लादिमिर कोवालेव्स्की या तरुणाशी नावापुरते लग्न केले. शिकण्यासाठी नवरा लागत होता, म्हणून नवरा केला!

बर्लिनला विद्यापीठाने वर्गात बसू दिले नाही, तेव्हा कार्ल वायरस्ट्रास यांनी तिला खाजगीरीत्या शिकवले. 1874 मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाने तिला डॉक्टरेट दिली. एवढे मिळवून ती मायदेशी परतली, तर तिथे मुलींना प्राथमिक अंकगणित शिकवण्यापलीकडे तिच्यासाठी काम नव्हते. शेवटी स्वीडनमध्ये स्टॉकहोमला 1884 साली ती प्राध्यापक झाली. फिरणाऱ्या घन वस्तूच्या गतीवरच्या कामासाठी 1888 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तिला बोर्दँ पारितोषिक दिले आणि काम इतके मोलाचे वाटले की रक्कम 3000 वरून 5000 फ्रँक केली. पुढच्या वर्षी रशियन अकादमीने तिला पत्रव्यवहारी सभासद करून घेतले. सन्मान दिला, नोकरी दिली नाही. 1891 मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी ती परदेशातच वारली.

प्रास्कोव्याला मेहेरबानी लागली, सोफियाला परवानगी. परवानगी ही मेहेरबानीपेक्षा वरची पायरी आहे हे खरे. पण ती मिळवायलासुद्धा जनरल बाप आणि जहागीर लागत होती, आणि सोफियाच्या बालपणी पालिबिनोच्या शेतात राबणारे हात भूदासांचेच होते. स्त्री म्हणून तिच्यावर झालेला अन्याय खरा आणि वर्ग म्हणून तिला मिळालेली सवलतही खरी. दोन्ही गोष्टी एका दमात बोलायला आपण शिकले पाहिजे.

तिसरी पायरी हक्काची. 1897 च्या जनगणनेत रशियन साम्राज्यातल्या शंभर स्त्रियांमागे साक्षर जेमतेम तेरा होत्या. 1917 मध्ये 8 मार्चला पेत्रोग्रादच्या कापड गिरण्यांतल्या बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या आणि झारशाही कोसळायला सुरुवात झाली. त्याच वर्षी स्त्रियांना मताधिकार मिळाला. ऑक्टोबर क्रांतीनंतर अलेक्सांद्रा कोलोंताय समाजकल्याण खात्याच्या मंत्री झाल्या. घटस्फोट सोपा झाला आणि 1918 च्या कुटुंब कायद्याने लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलांना समान हक्क दिले. 1919 मध्ये स्त्रियांच्या कामासाठी पक्षात झेनोत्देल हा स्वतंत्र विभाग निघाला. साक्षरतेची मोहीम खेड्यापाड्यांत गेली आणि 1939 पर्यंत शंभरातल्या ऐंशीहून अधिक स्त्रिया वाचू लागल्या. ही कोणा सरदाराची मेहेरबानी नव्हती. बायका लढल्या होत्या आणि कायदा त्यांच्या बाजूने उभा राहिला होता.

याच व्यवस्थेतून व्हालेंतिना तेरेश्कोवा आली. जन्म 1937, प्रांत तोच यारोस्लाव्ल. वडील ट्रॅक्टरचालक, फिनलंडच्या युद्धात मारले गेले. आई कापड गिरणीत. व्हालेंतिनाही गिरणीत लागली, काम करता करता शिकली आणि स्थानिक क्लबात पॅराशूटने उड्या मारायला शिकली. 16 जून 1963 रोजी 'व्होस्तोक-6' मधून ती अंतराळात गेली आणि पृथ्वीला 48 प्रदक्षिणा घालून आली. तोवरच्या सगळ्या अमेरिकन अंतराळवीरांचे मिळून जेवढे तास भरत नव्हते, तेवढे हिने एकटीने काढले. लोहाराच्या मुलीला वाड्यात गायला मालकाची मर्जी लागली. ट्रॅक्टरचालकाच्या मुलीला शाळा, गिरणी आणि क्लब पुरे झाले. आमच्या नववीतल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते.

पण इथे थांबलो तर आम्हीही तक्ता चिकटवणाऱ्यांतलेच होऊ. तेरेश्कोवाबरोबर आणखी चौघी निवडल्या गेल्या होत्या. त्यांतली एकही कधी अंतराळात गेली नाही आणि 1969 मध्ये तो गटच मोडला. दुसरी स्त्री, स्वेतलाना साविट्स्काया, गेली ती 19 वर्षांनी, 1982 मध्ये. तिचे वडील हवाई दलात मार्शल होते. झेनोत्देल तर 1930 मध्येच बंद करून टाकले गेले: स्त्रीप्रश्न सुटला, आता वेगळ्या विभागाची गरज काय! 1920 मध्ये दिलेला गर्भपाताचा हक्क 1936 मध्ये काढून घेतला आणि 1955 मध्ये पुन्हा दिला. विचारले कोणाला? ज्यांच्या शरीराचा प्रश्न होता त्यांना नाही. जो हक्क मागण्याची, त्यासाठी भांडण्याची आणि संघटित होण्याची मोकळीक नसते, तो हक्क वरच्याच्या मनावर राहतो. म्हणजे पुन्हा मेहेरबानीच.

आणि पहिली स्त्री सत्तेच्या जवळ गेली म्हणजे सत्ता बदलते असेही नाही. मार्च 2020 मध्ये रशियाच्या संसदेत राष्ट्राध्यक्षांच्या आधीच्या कारकिर्दी मोजल्या जाऊ नयेत अशी घटनादुरुस्ती सुचवणारी खासदार होती तीच तेरेश्कोवा. तिच्या उड्डाणाचे मोल त्याने कमी होत नाही. पण आदर्श म्हणून फोटो लावताना हेही ठाऊक असावे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात रशियन क्रांतीचे स्वागत केले ते समतेसाठी; पण समतेच्या बदल्यात स्वातंत्र्य आणि बंधुता गमावून चालणार नाही, हेही तिथेच बजावले. या स्त्रियांची आयुष्ये वाचताना आम्हाला त्या इशाऱ्याचा अर्थ नव्याने कळला. कॅथरीनकडे सत्ता होती, बंधुता नव्हती. तिच्या राज्यात भूदासाची तक्रारही गुन्हा ठरली. सोव्हिएत राज्याने लाखो स्त्रियांना अक्षर दिले, पण आपले म्हणणे मांडायला मोकळी जागा ठेवली नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. कोणत्याही "पहिल्या स्त्री"चे नाव पुढे आले की तीन गोष्टी विचारा. दार कोणी उघडले? ते पुन्हा लावून घेण्याचा अधिकार कोणाच्या हातात राहिला? आणि तिच्या मागून किती जणी आत आल्या? आपल्या वस्तीतल्या गुणवंत मुलीचा सत्कार जरूर करा, शाल द्या, हार घाला. पण तिची शिष्यवृत्ती वेळेवर जमा झाली का, वसतिगृहात तिच्या मागच्या वीस जणींना जागा मिळाली का, हे विचारायला त्याच आठवड्यात कचेरीतही जा. शाल ही अंगठीच आहे. हक्क त्या कचेरीत अडकलेला आहे आणि तो सोडवून आणल्याशिवाय आपले काम झाले असे समजू नका.