विपर्ययावाचून अभिज्ञान

कथनमीमांसेच्या तासाला ॲरिस्टॉटलच्या 'विपर्यय' आणि 'अभिज्ञान' या संकल्पना शिकविताना 'राजा ईडिपस'च्या जोडीला मी 'द मॅट्रिक्स' (१९९९) हा चित्रपट घेते. आपले जग हा यंत्रांनी उभा केलेला आभास आहे, हे त्यातील निओला कळते आणि कळता क्षणीच ते जग त्याच्या हातून जाते. जाणणे आणि गमावणे या तेथे दोन वेगळ्या घटना उरत नाहीत.

'द मॅट्रिक्स रीलोडेड' (२००३) हा उत्तरभाग तत्त्वज्ञानाने जड झाला, असे विद्यार्थी सांगतात. हे निदान मला अपुरे वाटते. तत्त्वज्ञान पहिल्या भागातही होते. निओ आपला चोरटा माल ज्या पोकळ पुस्तकात लपवितो, ते बोद्रियारचेच आहे. प्रश्न तत्त्वज्ञानाच्या प्रमाणाचा नसून कथनातील त्याच्या स्थानाचा आहे.

उत्तरभागातील निओ स्मिथच्या असंख्य प्रतिकृतींशी दीर्घकाळ लढतो आणि अखेर सरळ उडून जातो. ज्याला केव्हाही निघून जाता येते, त्याच्या लढाईत ताण कोठून येणार? महामार्गावरील पाठलाग त्या मानाने पकड घेतो. त्याचे श्रेय अलामेडाच्या बंद पडलेल्या नौदल विमानतळावर चित्रीकरणासाठी खास बांधलेल्या रस्त्याला देण्याचे कारण नाही. तेथे बराच वेळ निओ नाही. मॉर्फिअस आणि ट्रिनिटी आहेत, आणि त्यांच्या शक्तीला मर्यादा आहेत.

खरी पडझड होते ती मॅट्रिक्सचा निर्माता असलेल्या 'आर्किटेक्ट'च्या प्रवेशात. निओ हा सहावा त्राता आहे, झायन नगरी यापूर्वी पाच वेळा नष्ट झाली आहे, त्याच्याविषयीचे भाकीत ही नियंत्रणाचीच एक युक्ती आहे, असे त्याला सांगितले जाते. याहून मोठे अभिज्ञान कोणते असेल? पण ते निवेदनातून येते आणि निवेदनातच विरते. आधीच्या पाच जणांनी मानवजातीचा मार्ग निवडला, हा ट्रिनिटीचा निवडतो, हा भेद अर्थपूर्ण आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु ते पाच जण आपल्याला केवळ ऐकून ठाऊक होतात. आणि ट्रिनिटीला वाचविण्यास निओ हे काही न ऐकताही धावला असता. पुढे ती मरते, तेव्हा तो तिच्या देहातील गोळी काढून तिचे हृदय पुन्हा चालू करतो. ज्ञानाने कृती बदलत नाही आणि मृत्यूही परत घेता येतो. मग विपर्यय घडायला जागाच राहत नाही.

या अपयशाने मला अस्वस्थ केले ते वेगळ्या कारणासाठी. आर्किटेक्टची भाषा आपल्या ओळखीची आहे. घटना बाजूला सारून तिचा सिद्धान्त सांगणे, ही आपल्या वर्गांचीही रीत झाली आहे. उत्तरपत्रिकांत 'आभासी वास्तव', 'सत्ता', 'नियंत्रण' या संज्ञा अचूक असतात. कथेत कोणाचे काय गेले, याचा उल्लेख मात्र क्वचित सापडतो. 'रीलोडेड'मध्ये कथाच स्वतःकडे अशा रीतीने पाहू लागते. तेव्हा तिचे काय होते, हे विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी यापुढे दोन्ही भाग एकत्र शिकवावेत, असे मला वाटते.