घर कोणाचं होतं?

पाळकीणबाईंना पगार नव्हता. पगार पाळकसाहेबांना, बाईंच्या वाट्याला रविवारची शाळा, महिला मंडळ, आजाऱ्यांच्या भेटी आणि वेळी-अवेळी टपकणाऱ्या पाहुण्यांचा चहा. नगरच्या आमच्या मंडळीत कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. बायबल वाचायला मला शिकवलं ते या बाईंनी, आणि ते देणं अजून फिटलेलं नाही.

त्यांची एक खोड होती. पौल कुठल्या कुठल्या गावी गेला हे आम्ही पोरं घडाघडा म्हणून दाखवायचो. बाई खडूचे हात पदराला पुसत विचारायच्या, "ते झालं. पण उतरला कोणाकडे? घर कोणाचं होतं?" मग पुन्हा ओळीवर बोट ठेवून शोधायला लागायचं. फिलिप्पैत घर लुदियेचं, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी ती. यरुशलेमेत योहान मार्काच्या आईचं. तुरुंगातून सुटलेला पेत्र तिथंच दार ठोठावत उभा राहिला आणि रुदा नावाची पोर आनंदाच्या भरात दार उघडायचं सोडून आत सांगायला पळाली. (या पोरीवर आमचा भारी जीव.) सुरुवातीच्या मंडळ्या अशा घराघरांतच भरायच्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची उठबस कोण करत असेल हे बाईंना कोणी सांगायची गरज नव्हती.

त्यांची लाडकी प्रिस्किल्ला. क्लौद्य बादशहानं यहुद्यांना रोममधून घालवलं, बहुधा इ.स. ४९ मध्ये, तेव्हा ती आणि तिचा नवरा अक्विल्ला करिंथला आली. धंदा तंबू करण्याचा. पौलाचाही तोच, तो त्यांच्याकडे राहिला आणि त्यांच्या बरोबरीनं कामाला बसला. पुढे इफिसात अपुल्लोस नावाचा फर्डा वक्ता आला. त्याला योहानाचा बाप्तिस्मा तेवढा ठाऊक. नवरा-बायकोनं चारचौघांत त्याचं बोलणं खोडलं नाही. त्याला जवळ बोलावून सगळं नीट समजावलं. समजावणाऱ्यांत प्रिस्किल्लेचं नाव आधी येतं. नव्या करारात या जोडप्याचा उल्लेख सहा वेळा आहे, त्यात चार वेळा बायको पुढे. हे बाईंनी आमच्याकडून फळ्यावर मोजून घेतलं होतं. बेझा नावाच्या जुन्या हस्तलिखितात मात्र अपुल्लोसाच्या प्रसंगी नवऱ्याला पुढे सरकवलंय. बाईंना याचं काडीचंही नवल वाटलं नसतं.

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय लोक नुसती नावं म्हणून सोडून देतात. बाई तो हजेरी घेतल्यासारखा वाचायच्या: फिबी, प्रिस्किल्ला, मरिया, युनिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस. प्रत्येक नावाला थांबून.

एकदा मी विचारलं, "बाई, पेत्राच्या बायकोचं नाव काय?" त्याच्या सासूला ताप आला होता हे मार्क सांगतो, बायको त्याच्याबरोबर गावोगाव फिरायची हे पौलाच्या पत्रावरून कळतं. नाव दोघांनीही दिलेलं नाही. बाई म्हणाल्या, "पेत्रीणबाई म्हणत असतील. मला नाही का तुम्ही पाळकीणबाई म्हणत?" वर्ग खो खो हसला. त्याही हसल्या.

आलेक्सांद्रियाच्या क्लेमेंटचा उतारा मी वाचला तोवर बाई राहिल्या नव्हत्या. पेत्राच्या बायकोला मारायला नेत होते, तेव्हा पेत्रानं तिला नावानं हाक मारून धीर दिला, असं तो लिहितो. ते नाव कोणतं, हे त्यानंही लिहिलेलं नाही.